डोळ्यातले थेंब आणि मामांची धास्ती

पत्र

डॉक्टर, माझं बाळ अकरा दिवसांचं आहे. सिझेरियन झालं, पूर्ण दिवसांचं, वजन 2.8 किलो. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं. घरी आल्यावर डावा डोळा सकाळी चिकटायला लागला, पिवळट चिपडं यायची. बालरोगतज्ज्ञांनी तपासून क्लोरॅम्फेनिकॉलचे 0.5 टक्क्यांचे थेंब दिले, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. परवा मामेसासरे बाळाला बघायला आले. ते परळच्या एका दवाखान्यात आयुष्यभर कंपाउंडर होते. बाटली बघून म्हणाले, “हे तान्ह्याला? याने पोरं राखाडी पडायची, हृदय बसायचं.” नवऱ्याने मोबाइलवर शोधलं तर तेच निघालं. मी घाबरून थेंब बंद केले. आता डोळा पुन्हा चिकटतोय. दोन दिवस घातलेल्या थेंबांनी हृदयाला काही झालं असेल का? बाळ दूध नीट पितंय, रडतंय, लंगोट ओले करतंय. टाक्यांसाठी मी स्वतः अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट घेतेय, ते दुधातून जाईल का? सासूबाई म्हणतात, थेंब नकोत तर जाऊबाईंच्या मुलाचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप आहे, त्यातलं थोडं देऊ. काय करू?
– एक नवी आई, लालबाग

उत्तर

नमस्कार,

आधी तातडीचं. जे बाळ नीट दूध ओढतंय, रडतंय आणि लंगोट भिजवतंय, त्याच्या हृदयाला डोळ्यात घातलेल्या दोन दिवसांच्या थेंबांनी काही झालेलं नाही. आज ज्यांनी थेंब लिहून दिले त्यांनाच फोन करा, मध्येच बंद केल्याचं सरळ सांगा आणि डोळा पुन्हा दाखवून घ्या. ओरडतील म्हणून लपवू नका. औषध बंद केल्याचं कळलं नाही, तर डॉक्टर ते लागूच पडलं नाही असं धरतात आणि त्याहून जोरदार काहीतरी लिहून देतात. ओपीडीत हे रोज चालतं.

सिरपची बाटली जाऊबाईंना परत करा. त्यावर पुढे बोलू.

आता मामांकडे येते. मामांनी सांगितलं ते खरं आहे आणि त्यांना ते आठवलं याचं मला कौतुक वाटलं. त्यांच्या पिढीच्या कंपाउंडरने हे औषध भरपूर हाताळलेलं असणार. क्लोरॅम्फेनिकॉल 1947 साली व्हेनेझुएलातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून मिळालं. 1948 मध्ये क्वालालंपूरला ते टायफॉइडच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि आठवडे न् आठवडे न उतरणारा ताप काही दिवसांत उतरला. 1949 पासून पार्क-डेव्हिसचं क्लोरोमायसेटिन बाजारात आलं. आपल्याकडे टायफॉइड म्हटलं की हेच औषध, असं कित्येक वर्षं चाललं. 1972 मध्ये केरळात कोळिकोडला टायफॉइडची साथ आली, तिचे जंतू या औषधाला दाद देईनात, आणि तिथून त्याची सद्दी ओसरत गेली. आज ते आपल्याला दिसतं ते मुख्यतः डोळ्याच्या थेंबांत आणि मलमात.

तान्ह्यांचं प्रकरण 1959 सालचं आहे. त्या काळी अमेरिकेतल्या रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, विशेषतः गर्भजल फुटून बराच वेळ गेला असेल तर, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक देत. लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी अशा बाळांचे गट करून पाहिले. काहींना काहीच औषध दिलं नाही, काहींना पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, काहींना क्लोरॅम्फेनिकॉल, काहींना तिन्ही. औषध न दिलेल्या आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या गटांत साधारण पाचांतलं एक बाळ दगावलं. क्लोरॅम्फेनिकॉल मिळालेल्या दोन्ही गटांत निम्म्याहून जास्त दगावली. संसर्गाने नव्हे, संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या औषधाने. डोस होता किलोमागे रोज 100 ते 165 मिलिग्रॅम. वजनावर काढलेला, आणि त्या वेळी कुणालाही वावगा न वाटलेला.

ते बाळांना का झेपलं नाही, हे कळायला तुमच्याच बाळाची कावीळ उपयोगी पडेल. नवजात बाळाचं यकृत बिलिरुबिनला एक शर्करेचं आम्ल जोडतं, मग ते शरीराबाहेर टाकता येतं. हे जोडकाम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, पहिल्या आठवड्यांत पुरेशी तयार नसतात, म्हणून बिलिरुबिन साठतं आणि निळा दिवा लागतो. क्लोरॅम्फेनिकॉलचा निकाल लावणारी विकरं त्याच घराण्यातली. शिवाय बाळाच्या किडन्याही अजून सावकाश काम करतात. मोठ्या माणसाच्या रक्तातलं हे औषध दोन-चार तासांत निम्म्यावर येतं. एक-दोन दिवसांच्या बाळात त्याला जवळपास अख्खा दिवस लागतो. आणि इकडे पुढचा डोस दर सहा-आठ तासांनी चालूच. तुम्ही लालबागच्या, तुम्हाला हिंदमाताचा चौक सांगायला नको: पाऊस दादरला पडतो तेवढाच तिथेही पडतो, पण निचरा नाही म्हणून कमरेएवढं पाणी होतं. त्या बाळांच्या रक्तात हे औषध तसंच तुंबत गेलं.

तुंबलेलं औषध हृदयावर का जातं, हा खरा प्रश्न आहे, आणि मोबाइलवर तो सहसा अर्धाच सांगितलेला असतो. क्लोरॅम्फेनिकॉल जिवाणूंच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटून त्यांचं प्रथिन बनवणं थांबवतं. आपल्या पेशींचे मुख्य रायबोसोम वेगळ्या घडणीचे, त्यांना ते धरत नाही. पण आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, शाळेत शिकलो त्या मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा उगमच कधीकाळच्या जिवाणूंपासून झालाय असं मानतात, आणि त्यांचे स्वतःचे रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते आहेत. औषधाला हा फरक कळत नाही. तंतुकणिका स्वतःच्या जनुकांवरून फक्त तेरा प्रथिनं बनवतात, पण ती सगळी ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीतली. ती बनणं थांबलं की पेशीचं चलन, म्हणजे एटीपी, कमी पडायला लागतं. औषधाची पातळी फारच चढली तर ते प्रथिन बनण्याची वाटही बघत नाही, त्या साखळीच्या पहिल्याच टप्प्यावर थेट अडथळा आणतं. पेशी मग ऑक्सिजनशिवाय जेमतेम ऊर्जा काढायला बघतात आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं.

शरीरात सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारा आणि एक क्षणही न थांबणारा स्नायू हृदयाचा. त्यातून नवजात बाळाचं हृदय नेमकं या दिवसांत इंधन बदलत असतं. गर्भात ते मुख्यतः ग्लुकोज आणि लॅक्टेटवर चालतं, जन्मानंतर दुधातल्या स्निग्ध पदार्थांवर येतं, आणि ते जाळायला तंतुकणिका धडधाकट लागतात. म्हणजे जिथे नड सगळ्यात मोठी, तिथेच औषधाचा घाव. 1985 साली नवजात डुकराच्या पिल्लांमध्ये या औषधाचा हृदयाच्या स्नायूवर थेट होणारा परिणाम अभ्यासला गेला, तोही ही राखाडी बाळांची गुंतागुंत समजून घेण्यासाठीच. आकुंचनाचा जोर कमी पडला की रक्तदाब खाली येतो, त्वचेला रक्त पुरत नाही, आणि मामांनी सांगितलेला रंग येतो.

तो रंग मात्र शेवटी येतो, आणि सावळ्या बाळात तर पटकन दिसतही नाही. औषध सुरू झाल्यावर साधारण दोन ते नऊ दिवसांत आधी उलटी, दूध सोडणं, पोट फुगणं, धाप लागल्यासारखा अनियमित श्वास, हिरवट पातळ शी. त्यानंतर दिवसभरात बाळ लुळं पडतं, अंग गार होतं, राखेसारखं दिसायला लागतं. त्या काळच्या नोंदींत अशी शंभरातली चाळीसेक बाळं गेली. लवकर ओळखून औषध थांबवलं ती बरीचशी सावरली.

आता तुमची बाटली. 0.5 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅम. एक थेंब साधारण मिलिलिटरचा विसावा भाग, म्हणजे पाव मिलिग्रॅम. दिवसातून चार थेंब, एका डोळ्यात: एक मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं गालावर ओघळतं, ते तुम्ही पुसता. 1959 च्या हिशोबाने तुमच्या 2.8 किलोच्या बाळाला रोज 280 ते 460 मिलिग्रॅम मिळालं असतं. पहिल्या दोन आठवड्यांच्या बाळाला खरोखरच हे औषध शिरेतून द्यायची वेळ आली, तर पुस्तकातला डोस किलोमागे 25 मिलिग्रॅम आहे, तोही रक्तातली पातळी मोजत. तो झाला 70. तुमचं बाळ एकावर आहे. हे गणित मामांपुढे कागदावर मांडा. आयुष्यभर बाटल्यांवर मात्रेच्या पट्ट्या चिकटवलेला माणूस आहे, त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर पटेल.

एक अपवाद तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा: घरात कुणाला अस्थिमज्जा निकामी होण्याचा आजार झाला असेल तर. क्लोरॅम्फेनिकॉलचा तो दुसरा, अत्यंत विरळा दोष आहे, आणि तो डोसवर अवलंबून नसतो. तसं कुणी असेल तर थेंब सहज बदलून मिळतात.

या सगळ्या गोष्टीत मला क्लोरॅम्फेनिकॉलपेक्षा त्या काळची सवय जास्त खटकते, कारण ते औषध मागे पडलं, सवय पडली नाही. आपल्याकडे तिला “कव्हर” म्हणतात. “सर्दी आहे, पण कव्हर देऊन ठेवूया.” “टाके आहेत, बाळालाही थोडं कव्हर.” 1959 मधली ती बाळं कव्हरचीच होती. संसर्गाची खरी शंका असेल तर नवजाताला अँटिबायोटिक तासाभराचाही उशीर न करता द्यावं लागतं, तिथे मी तुम्हाला हात जोडून सांगेन की घेऊ द्या. शंका नसेल तर बाळाच्या अपुऱ्या यकृतावर आणि किडनीवर फुकटचं ओझं कशाला? आईने एक साधा प्रश्न विचारावा: “कशाच्या संशयावरून देताय आणि कधी थांबवणार?” या प्रश्नाने डॉक्टर चिडत असतील तर चिडू देत.

तंतुकणिकांवरून आणखी एक, थोडं आडवळणाचं. नवजाताच्या वॉर्डात जेंटामायसिन आणि अमिकासिन ही इंजेक्शनं सर्रास लागतात, आणि ती जीव वाचवतात. पण काही घराण्यांत तंतुकणिकांच्या जनुकात असा बदल असतो की या इंजेक्शनांनी कानाच्या नाजूक पेशी मरतात आणि कायमचा बहिरेपणा येतो. तंतुकणिका आईकडूनच मिळतात. त्यामुळे तुमच्या आईच्या, आजीच्या, मावश्यांच्या बाजूला “इंजेक्शन घेतल्यावर कान गेला” असं कुणाचं झालं असेल तर ते बाळाच्या फाइलवर लिहून ठेवायला सांगा. सासरचा इतिहास सगळे विचारतात, इथे माहेरचा लागतो.

आता डोळा. तुमच्या वर्णनावरून दोन शक्यता आहेत. पहिली आणि जास्त वेळा दिसणारी: अश्रू नाकात नेणारी नळी अजून पूर्ण उघडलेली नाही, म्हणून पाणी साचतं आणि चिकटतं. अशा वेळी डोळ्याचा पांढरा भाग पांढराच असतो, पापणी सुजत नाही. दुसरी: प्रसूतीच्या वाटेतल्या जंतूंचा संसर्ग. तुमचं सिझेरियन झालंय म्हणून तो होतच नाही असं नाही, कारण गर्भजल आधी फुटलेलं असू शकतं. पापण्या सुजून डोळा उघडेनासा झाला, पांढरा भाग लाल झाला, किंवा पुसल्यावर थोड्याच वेळात पुन्हा घट्ट पू भरला, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. त्यातल्या एका जंतूने बुबुळाला भोक पडू शकतं आणि तिथे नुसते थेंब पुरत नाहीत.

पुसायची रीत: पाणी उकळून गार करा, हात साबणाने धुवा, स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा, बोळा टाका, पुढच्या वेळी नवा घ्या. दुसऱ्या डोळ्याला वेगळा बोळा. नळीचं मालिश डॉक्टरांकडून एकदा प्रत्यक्ष बघून घ्या. करंगळीचं नख कापून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर हलका दाब देत बोट नाकाच्या बाजूने खाली आणायचं, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच-दहा वेळा. बाळ पाजताना शांत असतं, तेव्हा जमतं.

थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लावू नका. खालची पापणी किंचित ओढून एक थेंब सोडा, दोन घालून “पक्कं” करू नका, कारण डोळ्यात मावतो एकच. नंतर आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर हलकं बोट धरून ठेवलंत की औषध नाकात आणि तिथून रक्तात आणखी कमी जातं. बाटली फोडल्याची तारीख पेनाने लिहा आणि चार आठवड्यांनी ती टाकून द्या, अर्धी उरली तरी. काजळ घालायचं नाही, घरचं असलं तरी नाही. डोळ्यात आईचं दूध पिळायचा आग्रह झाला तर सासूबाईंना सांगा, दूध पोटात जाऊ दे, तिथे त्याला जास्त काम आहे.

तुमच्या टाक्यांचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट चालू राहू दे आणि दूधही. त्याचा फार थोडा अंश दुधात उतरतो. बाळाला शी थोडी पातळ झाली किंवा जिभेवर पुसून न जाणारा पांढरा थर आला तर दाखवा. उद्या तुम्हालाच टायफॉइड झाला आणि कुणी क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल पुढे केल्या, तर मात्र अंगावर पाजतेय हे आधी सांगा. त्याऐवजी देण्यासारखी औषधं आहेत.

आणि ते सिरप. जाऊबाईंच्या मुलाचं वय काय, पावडरीत पाणी कधी घातलं, फ्रिजमध्ये होतं का? पाणी घातलेलं अँटिबायोटिक सिरप बहुतेक वेळा आठवड्याभरात टाकायचं असतं. पण ताजं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. नवजाताचा डोस मोठ्या मुलाच्या डोसचा “थोडा” नसतो, हे 1959 ने दाखवलंच आहे. त्यात आपल्या बाटल्यांचा घोळ. साधं पॅरासिटामॉल घ्या: ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये बऱ्याचदा पाच मिलिलिटरला 125. दोन्ही गुलाबी, दोन्हीवर बाळाचं चित्र. सिरपची सवय असलेल्या हाताने ड्रॉप्सचा एक चमचा दिला की चौपट गेलं. केमिस्टने काउंटरवरून दिलेल्या कोणत्याही औषधाच्या पाकिटावर लाल उभी रेघ दिसली तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना माहीत असू दे.

थेंबांशी संबंध असो वा नसो, पहिल्या महिन्यात पुढच्यांपैकी काहीही दिसलं तर थांबायचं नाही: दूध ओढेनासं होणं, उठवूनही न उठणं, श्वास मिनिटाला साठच्या वर, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाणं, काखेत ताप 37.5 अंशांच्या वर, किंवा अंग गार आणि लुळं. रंग बघायचा तर हातपाय बघू नका, ते गारठ्यानेही निळसर होतात. जीभ आणि ओठांची आतली बाजू उजेडात बघा. ती फिकी, निळसर किंवा राखाडी असली तर 108 ला फोन किंवा सरळ टॅक्सी. तुमच्या घरापासून वाडिया आणि केईएम ही दोन्ही रुग्णालयं जवळ आहेत, कुठलंही चालेल. जाताना बाळाला दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली पिशवीत घाला, नावं सांगताना घोळ होतो.

पाच दिवसांचे थेंब पुरे झाल्यावरही डोळा चिकटत राहिला, पण पांढरा भाग स्वच्छ असला, तर नवीन अँटिबायोटिक मागू नका. पुसणं आणि मालिश चालू ठेवा. बहुतेक बाळांची नळी वर्षाच्या आत आपोआप उघडते. पहिल्या वाढदिवसापर्यंत नाही उघडली तर नेत्रतज्ज्ञ बारीक सळई घालून ती मोकळी करतात.